पाहुणे फक्त इंग्रजी बोलतात

मी कायम झालो. तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढल्यावर माझ्या अहवालावर 'काम अत्यंत समाधानकारक' असा शेरा पडला, शेऱ्याखाली सही, सहीवर शिक्का, शिक्क्यावर चहाचा थेंब. सगळं रीतसर.

आता हे आपण वाचलं नाही असं धरा. मीही लिहिलं नाही असं धरतो. असं काही घडलेलं नाही. सध्या जानेवारी चालू आहे, माझी तीन वर्षं मार्चमध्ये भरतात, त्याआधी विस्तार अधिकारी साहेब एकदा येऊन माझा वर्ग बघणार आहेत, आणि पोरं त्यांच्यासमोर इंग्रजीत बोलली नाहीत तर मी बाडबिस्तरा घेऊन परत जळगावला. तिथे आई आहे. आई दर रविवारी फोन करते आणि पहिल्यांदा विचारते, "कायम झाला का रे?" 'जेवलास का' हा प्रश्न तिने दुसऱ्या वर्षी बंद केला. एका ठिकाणी माझ्या लग्नाचं चाललं होतं, ते लोकही "कायम झाल्यावर बघू" म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्याचा सूर असा होता की बघणं त्यांना फारसं जरुरीचं वाटत नव्हतं.

आमची शाळा सोनगीरच्या अलीकडे हायवे सोडून चार किलोमीटर आत आहे. पहिली ते चौथी, पट एकोणीस, शिक्षक दोन, खोल्या दोन, त्यातल्या एका खोलीत पोषण आहाराचा तांदूळ राहतो. दुसरे शिक्षक म्हणजे मुख्याध्यापक रुपचंद नाना. नाना अहिराणी बोलतात, मराठी लिहितात आणि इंग्रजीला लांबून हात जोडतात. इंग्रजी माझ्याकडे. मी धुळ्याहून मोटारसायकलने अप-डाउन करतो.

डिसेंबरात आम्हाला पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं, 'कृतीतून इंग्रजी'. व्याकरण शिकवू नका, पोरांना उठवा, फिरवा, बोलतं करा, असं सांगून आम्हा साठ शिक्षकांना पाच दिवस एका जागी बसवून ठेवलं. शेवटी झेरॉक्स केलेली एक पुस्तिका मिळाली. ती घेऊन मी कामाला लागलो.

पहिली कृती चिठ्ठ्यांची. अर्ध्या पोरांकडे प्रश्न, अर्ध्यांकडे उत्तर, आणि वाचून आपापला जोडीदार शोधायचा. जोड्या मिनिटात लागल्या, पण त्या कोण कोणाच्या शेजारी राहतं यावर लागल्या. मग आज्ञा ऐकून हालचाल करायची कृती घेतली. मी जोरात "स्टँड अप" म्हणालो. वर्गात कोणी हललं नाही. पलीकडच्या खोलीत नाना ताडकन उभे राहिले आणि तपासणी आली समजून तांदळाच्या पोत्यांवर चादर टाकायला लागले.

चौथीत सदफ नावाची एक मुलगी होती. हायवेवर पंक्चरचं दुकान आहे त्या हाशमभाईंची. सदफने शाळेत दोन वर्षांत कुठल्याही भाषेत एक शब्द काढला नव्हता. हजेरीला ती हात वर करायची, तेवढंच. नानांनी तिच्या प्रगतिपत्रकावर 'शांत' लिहिलं होतं. मला नवीन काहीतरी लिहायचं म्हणून मी 'अतिशय शांत' लिहिलं.

असं करत करत मी कृती क्रमांक चौदावर आलो. ती अशी : 'वर्गासमोर एक रिकामी खुर्ची ठेवावी. तिच्यावर पाहुणे बसले आहेत अशी कल्पना करण्यास सांगावे. विद्यार्थी पाहुण्यांना इंग्रजीत प्रश्न विचारतील. शिक्षकाने मध्ये बोलू नये.' शेवटचं वाक्य मला फार आवडलं.

शाळेत हात असलेली आणि चारही पाय टेकणारी अशी एकच खुर्ची होती, नानांची. ती मागून आणली. नाना तांदळाच्या पोत्यावर बसले, ते पुढचे दोन महिने तिथेच बसले.

माझा अंदाज होता की पोरं खिदळतील. पोरं खुर्चीकडे बघत राहिली. मग एकोणीसही जणांनी माना हळूहळू वर केल्या, समोरचा माणूस उंच निघाल्यावर करतात तशा. आणि सदफ उठली.

"व्हॉट इज युवर नेम?" ती म्हणाली.

आवाज स्वच्छ होता, जरासा घोगरा. बरेच दिवस बंद असलेला नळ सुटावा तसा. नंतर चार-पाच सेकंद शांतता, आणि मग सगळा वर्ग एकदम हसला. कोणीतरी चांगला विनोद केल्यावर हसतात तसा. मी विनोद ऐकला नव्हता. शिक्षकाने मध्ये बोलू नये, म्हणून मी विचारलाही नाही.

वह्या तपासल्या तेव्हा माझ्या मानेवर मुंगी चढावी तसं झालं. 'तुम्ही कुठे राहता?' याचं उत्तर एकोणीस वह्यांत एकच होतं : बिहाइंड द ब्लॅकबोर्ड. 'तुमचं वय काय?' याचं उत्तर : नॉट येट. मराठीत अजून 'क' उलटा काढणाऱ्या पहिलीतल्या पोरानेही हेच लिहिलं होतं, वळणदार अक्षरात. शिक्षक म्हणून माझी पहिली शंका नैसर्गिक होती : कॉपी. दुसऱ्या दिवशी मी पोरांना पटांगणात वीस-वीस पावलांवर बसवलं आणि ओरडून ओरडून दूर केलं. उत्तरं तीच आली. फक्त खाली प्रत्येकाने एक ओळ जादा लिहिली होती : प्लीज टेल युवर टीचर नॉट टू शाउट.

मधल्या सुट्टीत, वर्ग रिकामा असताना, मी फळ्यामागे पाहिलं. भिंत आहे. भिंतीपलीकडे जाऊन पाहिलं. तुरीचं शेत आहे. तुरीत कोणी नव्हतं. मी परत आत फळ्यामागे पाहायला गेलो, कारण मी तुरीत उभा असताना आत कोणीतरी फळा पुसत होतं.

मग मी धुळ्याला प्रशिक्षक मॅडमना फोन लावला. कृती चौदा संपवायची कशी, एवढंच विचारायचं होतं.

"कोणती चौदा, सर? पुस्तिकेत तेराच आहेत."

मी म्हणालो माझ्याकडे आहे, आणि पानाचा फोटो काढून पाठवला. थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला.

"पान कोरं आहे, सर. आणि तुमचे अंगठे मध्ये आलेत."

"अंगठा," मी म्हणालो. "एका हातात मोबाइल होता, मॅडम."

फोन ठेवताना मॅडमनी मला नेहमीसारखं 'ऑल द बेस्ट' म्हटलं नाही.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. पोरं बोलायला लागली. घोडं दामटावं तशी बोलायला लागली. आणि सगळ्यांत पुढे सदफ. ती पाहुण्यांना विचारायची, पाहुणे काय म्हणाले ते सांगायची, तेही इंग्रजीत, आणि एके दिवशी माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, ही सेज यू आर सेइंग 'व्हेजिटेबल' राँग." मी जळगावला भाजी मार्केटच्या मागच्या गल्लीत वाढलेला माणूस आहे. माझ्या 'व्हेजिटेबल'ला आजवर कोणी हरकत घेतली नव्हती. मी खुर्चीकडे पाहून कोरडं 'थँक यू' म्हणालो. पुन्हा सगळा वर्ग हसला. या वेळी विनोद कोणावर होता ते कळलं.

हाशमभाई स्वतः शाळेत आले, हाताला ग्रीस तसंच.

"सर, दो साल दवाखाने घुमाया मैं उसको. धुलिया, जलगाँव, सब. अब घर में बी बोलती. अंग्रेजी में बोलती तो बोलने दो, हम सीख लेंगे. अकबरी तो 'वन मोअर रोटी' सीख बी गई." अकबरी म्हणजे सदफची आई. मग ते खुर्चीकडे बघून आवाज खाली आणत म्हणाले, "मेहमान को कोई तकलीफ तो नहीं ना, सर?"

म्हणजे गावाला पाहुण्यांचा पत्ता लागला होता. अडचणी इथून सुरू झाल्या, आणि पहिली अडचण स्वयंपाकघरातून आली. आमचा पोषण आहार मंदाबाई शिजवतात.

"मंदाबाई, हे विसावं ताट कोणाचं?"

"त्या पाव्हनानं."

"कोणता पाहुणा?"

"खुर्चीवर बठेल शे तो. तुमले दिखस नही का? इतला पोरे जेवतीन आन् तो त्यासना तोंडकडे देखत बठी? आमना घरमा आसं चालत नही, भाऊ."

"मंदाबाई, ती कल्पना आहे."

"मंग कल्पनाले भूक नही लागत का?"

त्यांनी सोनगीरहून आणलेला तांब्याचा गडवासुद्धा पाणी भरून खुर्चीजवळ ठेवला. दहा मिनिटांनी ताट धुऊन, उलटं करून, बाकीच्या ताटांवर ठेवलेलं होतं. मटकीच्या उसळीतली मिरची तेवढी कडेला काढून ठेवली होती. मी ती मिरची बराच वेळ पाहत होतो. माणूस मिरची काढतो म्हणजे त्याला जिवाला जपायचं असतं.

रोज किती जेवले तो आकडा ॲपवर भरायचा असतो. नाना निवृत्तीला आलेले, कागदावर खोटं लिहीत नाहीत. त्यांनी ताटं मोजली आणि वीस भरले. पट एकोणीस, जेवले वीस. ॲप लाल झालं. दुसऱ्या दिवशी नानांनी पुन्हा मोजली, पुन्हा वीस.

"नाना, एकोणीस भरा ना," मी म्हणालो.

"आन् विसावा काय मांजरनी खाधं?" नाना म्हणाले. "ताट वीस शेत, मी वीस लिखसू."

गावाने सल्ले द्यायला वेळ लावला नाही. शाळेच्या ओट्यावर वना आबा सकाळपासून बसलेले असतात. त्यांनी सुरुवातीला खुर्चीला लिंबू बांध म्हणून सांगितलं, मग स्वतःच विचार बदलला. "नको, नको. इंग्रजीवाला पाव्हना शे, त्याले लिंबू समजाव नही." भिकुबाईंची शेळी महिनाभर सापडत नव्हती. त्या थेट वर्गात आल्या. पोरं दुभाषी व्हायला तयार नव्हती. वर्गात फक्त इंग्रजी, हा नियम मीच केला होता. भिकुबाई चार दिवस मागच्या बाकावर बसून शिकल्या आणि पाचव्या दिवशी पदर सावरून खुर्चीसमोर उभ्या राहिल्या.

"व्हेअर इज माय गोट?"

सदफने ऐकून घेतलं आणि सांगितलं, "शी इज नॉट कमिंग बॅक. बट शी इज हॅपी. शी सेज यू सिंग व्हेरी बॅडली."

भिकुबाईंना मी मराठीत समजावून सांगणार होतो, पण त्यांनी हातानेच थांबवलं. त्यांना कळलं होतं. त्या डोळे पुसत आणि हसत बाहेर पडल्या. शेळीला चारताना त्या गाणं म्हणायच्या हे गावात इतर कोणाला माहीत नव्हतं.

फेब्रुवारीच्या अखेरीस एका मंगळवारी सदफ मला म्हणाली, "सर, टुमॉरो अ लेटर विल कम फॉर यू. यू विल नॉट लाइक इट." मला पत्रापेक्षा जास्त धक्का 'विल'चा बसला. भविष्यकाळ मी शिकवलेला नव्हता. तो माझ्या वार्षिक नियोजनात एप्रिलमध्ये होता.

बुधवारी पत्र आलं. 'आपल्या शाळेत पटापेक्षा एक लाभार्थी सातत्याने जास्त जेवत असल्याचे निदर्शनास आले आहे. सदर लाभार्थी कोण, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.'

मी पहिला खुलासा लिहिला : 'सदर लाभार्थी काल्पनिक आहे.' नानांनी चष्मा पुसून वाचला. "काल्पनिक मानूस जेवना आसं लिखशी, तं आपले दोन्हीसले घर बसाडतीन." मग पाहुण्यांना पटावर घ्यावं असं ठरलं. पण प्रवेशासाठी आधार लागतं, जन्मतारीख लागते, आणि वयाच्या रकान्यात 'नॉट येट' चालत नाही. नानांनी तिसरा मार्ग सुचवला.

"तूच खाधं आसं लिख ना भो. एक ताटनी काय इज्जत जास?"

इज्जत एका ताटानेच जाते, नाना. तीन वर्षं सेवा करून माणसाने कायम व्हायचं ते काय मटकीची उसळ चोरणारा म्हणून? मी खरं तेच लिहिलं. 'सदर लाभार्थी हे वर्गात इंग्रजी संभाषणासाठी आलेले पाहुणे असून पाहुण्यांना न जेवता बसवण्याची या गावात पद्धत नाही.' उत्तर ताबडतोब आलं. विस्तार अधिकारी योगेंद्र साहेब बारा मार्चला स्वतः येऊन लाभार्थ्याची ओळख पटवतील, आणि त्याच भेटीत माझ्या वर्गाचं अंतिम मूल्यमापनही उरकून घेतील.

बारा तारखेला साहेब आले. मध्यम उंचीचे, दमलेले, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. दुपारी बाराची वेळ, पत्रे तापून टकटक वाजत होते. साहेब वर्गात आले आणि त्यांनी बसायला जागा पाहिली.

खुर्ची एकच. साहेबांना उभं ठेवता येत नाही, आणि बसलेल्या पाहुण्यांना ऊठ म्हणता येत नाही. नाना पळत पळत तांदळाचं पोतं ओढून आणत होते, मी "साहेब, जरा..." एवढंच बोललो, तोवर साहेब बसले.

पोरांनी श्वास आत घेतला तो मला ऐकू आला. साहेब खुर्चीत टेकले, मग एका अंगाला सरकले, एसटीत शेजारच्याने दाबलं की सरकतात तसे. पोरांच्या माना वरच होत्या. ती साहेबांच्या तोंडाकडे बघत नव्हती, त्याच्या हातभर वर बघत होती.

सदफ उठली. "गुड आफ्टरनून. आर यू कम्फर्टेबल?"

साहेब आयुष्यभर मराठीतच बोलत आलेले गृहस्थ. त्यांचं तोंड उघडलं आणि त्यातून जुन्या रेडिओवर बातम्या देतात तसलं इंग्रजी बाहेर आलं.

"थँक यू, माय डिअर. इट इज अ लिटल क्राउडेड."

पुढे वीस मिनिटं पोरांनी विचारलं आणि साहेबांनी उत्तरं दिली. पाऊस, कापूस, समुद्र, मरण, गुणाकार, काही सोडलं नाही. पहिलीतल्या पोरांनीही विचारलं. असा वर्ग मी कुठल्या प्रशिक्षणात पाहिला नाही. साहेबांच्या डोळ्यांत मात्र ओळखीचं काही नव्हतं. ते परक्या घरात चुकून झोप लागलेल्या माणसासारखे दिसत होते. शेवटी त्यांनी माझा अहवाल मांडीवर घेतला. पेन उजव्या हातात होतं आणि उजवा हात खुर्चीच्या हातावर तसाच पडून होता. ते पेन डाव्या हाताने काढून घेतलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'काम अत्यंत समाधानकारक.' लाभार्थ्याच्या रकान्यात लिहिलं, 'ओळख पटली.'

नानांना भरून आलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत अशी तपासणी त्यांनी बघितली नव्हती. ते धावत आत गेले, कपाटातून कोरी टोपी, टॉवेल आणि नारळ घेऊन आले, आणि त्यांनी तिथेच, त्या खुर्चीवर, सत्कार केला. टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सदफने वाजवल्या नाहीत.

"नो," ती म्हणाली. "नो, नो, प्लीज."

साहेब उठले. जीपकडे चालत गेले. चालताना त्यांच्या टोपीचं टोक कोणीतरी दोन बोटांनी सरळ केलं. ड्रायव्हरने दार उघडलं, साहेब आत बसले आणि पलीकडे सरकून कडेला गेले. जीप निघाली. सदफने खुर्चीवर तळहात टेकवला. "इट इज कोल्ड," ती म्हणाली. मीही हात लावून पाहिला. मार्चच्या दुपारी, तापलेल्या पत्र्याखाली, ती खुर्ची विहिरीतल्या दगडासारखी गार होती.

ओट्यावरून वना आबांनी कपाळावर हात मारला.

"टोपी-टॉवेल दिधा तुम्हीन?"

"हो, आबा. साहेबांना."

"खुर्चीवर बठेल होता ना? मंग दोन्हीसले दिधा! भाऊ, तुम्हीन शिकेल मानसे. टोपी-टॉवेल म्हंजे 'आते या तुम्हीन'. पाव्हना महिनाभर राही, दोन महिना राही. टोपी-टॉवेल दिधा का मंग तो थांबस नही. थांबना तं त्यानी इज्जत जास."

हे खरं आहे. आमच्याकडे ही रीत पोराबाळांना माहीत असते. मला माहीत होती. नानांना तर पाठ होती.

आता पोरं खुर्चीकडे बघून खिदळतात, पोरांनी खिदळावं तशी. वह्या कोऱ्या येतात. मंदाबाई एकोणीस ताटं वाढतात आणि ॲप हिरवं असतं. तालुक्याच्या कार्यालयातला शिपाई कौतिक मला भेटला होता. साहेब हल्ली खुर्चीच्या अर्ध्या भागावरच बसतात, म्हणाला. दोन कप चहा मागवतात, भजी आली की त्यातली मिरची बाजूला काढतात, आणि मध्येच खिडकीबाहेर पाहून त्याला इंग्रजीत काहीतरी विचारतात. त्याने ते एका कागदावर लिहून आणलं होतं. मी वाचलं. 'व्हेअर आर द चिल्ड्रन?' असं होतं.

आईने जळगावला गल्लीभर पेढे वाटले. मुलीकडच्यांनी स्वतःहून फोन केला. परवा हायवेवर माझी गाडी पंक्चर झाली. हाशमभाईंनी पंक्चर काढलं, हवा भरली, मी काही बोलेन म्हणून थोडा वेळ थांबले आणि मग आत निघून गेले. दुकानात सदफ बसली होती. मी तिला "गुड आफ्टरनून" म्हणालो. तिने हात वर केला.

त्याच संध्याकाळी मी योग्य त्या मार्गाने, नानांच्या शिफारशीसह, तीन प्रतींत अर्ज केला. तो असा :

विषय : पाहुणे परत मिळणेबाबत.

महोदय, दि. १२ मार्च रोजीच्या तपासणीत मा. विस्तार अधिकारी साहेबांसोबत या शाळेचे पाहुणे अनवधानाने रवाना झाले आहेत. त्यांची जावक नोंद झालेली नाही. तरी साहेबांची सोय पाहून त्यांना मूळ जागी परत पाठवण्यात यावे. ते नियमात बसत नसल्यास साहेबांना आठवड्यातून एक तास आमच्या खुर्चीवर प्रतिनियुक्ती द्यावी. तेही शक्य नसल्यास मला कायम केल्याचा आदेश रद्द करून सदर तपासणी पुन्हा पहिल्यापासून, त्याच खुर्चीवर, टोपी-टॉवेल वगळून घेण्यात यावी, आणि इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी वाट पाहत असल्याने हा निर्णय शक्यतो चालू शैक्षणिक वर्षातच व्हावा, ही नम्र विनंती.